कम्युनिटी कॉलेजातली गळती थांबवायला ग्रँट: कुठे मागावी, कशावर खर्चावी?

अबोली_फुलं

नमस्कार मंडळी. मी वॉशिंग्टन राज्यात (राजधानी नव्हे, सफरचंदांचं वॉशिंग्टन) एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते, कंत्राटी. तीन आठवड्यांपूर्वी डीननी बोलावलं आणि 'तुझं आकडेमोडीचं डोकं आहे' म्हणत ग्रँट कमिटीची घंटा माझ्या गळ्यात बांधली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

तिकडच्या वाचकांसाठी: आपलं ज्युनियर कॉलेज, तंत्रनिकेतन आणि आयटीआय एका छपराखाली आणा आणि वयाची अट काढून टाका, की कम्युनिटी कॉलेज झालं. माझ्या वर्गात अठराची पोरं आहेत आणि बावन्न वर्षांचे एक आजोबाही.

अडचण गळतीची. आमच्याकडे वर्षाचे तीन क्वार्टर, म्हणजे सत्रं: फॉल, विंटर, स्प्रिंग. फॉलला ज्यादा खुर्च्या मागवाव्या लागतात, स्प्रिंगला मागच्या दोन रांगा मोकळ्या. मागच्या वर्षीचा एक मुलगा डोक्यातून जात नाही. दुपारी माझं गणित, रात्री वेल्डिंग. अपूर्णांकाची आडवी रेघसुद्धा पट्टीने मारायचा. विंटरच्या सहाव्या आठवड्यात गायब. ईमेल केली तर दोन ओळींचं उत्तर: गाडी बंद पडली आहे, पुढच्या क्वार्टरला येतो. आमच्या गावात शेवटची बस पावणेसातला आणि वेल्डिंग सुटतं नऊला. तो काही आला नाही.

कमिटीत आतापर्यंत आलेल्या सूचना: सगळ्यांना टॅबलेट, 'धोक्यातले' विद्यार्थी ओळखणारं सॉफ्टवेअर, आणि विद्यार्थी कक्षात नवे सोफे. कुणी अशा ग्रँट लिहिल्या आहेत का? कुठून सुरुवात करू?

चिंचोका

ओहायोतून. एका कॉलेजच्या आकडेवारी विभागात आहे, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही.

आधी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा 'एसॅप' कार्यक्रम बघ. २००७ पासून चालू आहे. मुलांनी पूर्णवेळ शिकायचं. बदल्यात फीमधली उरलेली तूट माफ, पुस्तकं फुकट, महिन्याचा मेट्रो पास आणि स्वतःचा अ‍ॅडव्हायझर, म्हणजे अभ्यासाचा मार्गदर्शक. हा शेवटचा मुद्दा नीट वाच. एरवी तिथल्या एकेका अ‍ॅडव्हायझरकडे सहाशे ते पंधराशे मुलं असायची, एसॅपमध्ये साठ ते ऐंशी. आणि मेट्रो पास हवा तर अ‍ॅडव्हायझरला तोंड दाखवायचं. मला यातली ही सगळ्यात हुशार खेळी वाटते.

एमडीआरसी या संस्थेने चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि मोजलं. मुलं गणित-इंग्रजीत कच्ची म्हणून आलेली. तीन वर्षांत पदवी मिळवणारे नेहमीच्या गटात २२ टक्के, एसॅपमध्ये ४०. खर्च वाढला, पण मुलं इतकी जास्त पास झाली की एका पदवीमागचा खर्च उलट कमी आला. 'न्यूयॉर्कचं आमच्याकडे कसं चालेल' असं डीन म्हणणारच, म्हणून आमच्या ओहायोतली तीन कॉलेजं सांगून ठेव: सिनसिनाटी स्टेट, कायहोगा आणि लोरेन काउंटी. तिथे १९ चे ३५ झाले. आणि इथे कुठली मेट्रो? म्हणून महिन्याला ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं, पेट्रोल किंवा किराण्याचं. तुझा वेल्डिंगवाला आठवला म्हणून लिहिलं.

डॉलरचा_हिशेब

बारा वर्षं ग्रँट लिहिण्याचंच काम करतोय, टेक्सासात. अबोली, पटापट सांगतो.

टायटल थ्री, म्हणजे स्ट्रेंग्थनिंग इन्स्टिट्यूशन्स. केंद्राच्या शिक्षण खात्याचा, पाच वर्षांचा पैसा, तुमच्यासारख्या कॉलेजसाठीच. पण अर्जाआधी कॉलेज 'पात्र' ठरलेलं लागतं: पेल ग्रँटवाली (गरजू मुलांना केंद्राची मदत) मुलं पुरेशी आणि दर विद्यार्थ्यामागचा खर्च कमी. ती पात्रता दरवर्षी वेगळा अर्ज करून घ्यावी लागते. लोक हेच विसरतात आणि मग अख्खं वर्ष वाया.

ट्रायो एसएसएस, मुलांना कॉलेजात आधार देण्यासाठी केंद्राचा पैसा. ज्यांच्या आईवडिलांकडे चार वर्षांची पदवी नाही, घरची परिस्थिती बेताची आहे किंवा अपंगत्व आहे, अशा मुलांसाठी. छान योजना, पण दार पाच वर्षांनी उघडतं. २०२० ला उघडलं, २०२५ ला उघडलं. तुम्हाला मिळालेली नसेल तर आता रांगेत नुसतं उभं राहायचं.

एनएसएफची (केंद्राचं विज्ञान प्रतिष्ठान) एटीई, तांत्रिक शिक्षणाची ग्रँट. वेल्डिंग, ऑटोमेशन, सायबर असं तांत्रिक काही असेल तर ही घ्याच. खास दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी आहे आणि पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी वेगळा लहान गट आहे, त्यामुळे मोठ्या माशांशी झुंज नाही. शिवाय मेंटॉर-कनेक्ट म्हणून साउथ कॅरोलिनातल्या एका टेक्निकल कॉलेजातून चालणारा उपक्रम आहे, तो नवख्यांना अनुभवी माणूस जोडून देतो. फुकट.

पर्किन्सचा, म्हणजे व्यवसाय शिक्षणासाठीचा केंद्राचा पैसा तुमच्या कॉलेजात आधीच येत असेल, डीनना विचारा. फक्त आज कॉलेज ज्याचा पगार देतंय त्याचा पगार उद्या पर्किन्समधून द्यायचा, असं चालत नाही. भर घाला म्हणतात, भरपाई नव्हे.

आणि वॉशिंग्टन डीसीतलं हवामान बघून चाला. २०२५ च्या सप्टेंबरात शिक्षण खात्याने हिस्पॅनिक-सेवी (जिथे लॅटिन अमेरिकी वंशाची मुलं बरीच) आणि तत्सम संस्थांच्या स्पर्धात्मक ग्रँट थांबवल्या. मंजूर झाली, प्रेस नोट निघाली, म्हणजे पाच वर्षं बिनघोर, हे दिवस गेले.

मिरची_भाकर

गाडीच्या दुरुस्तीला ग्रँट मिळते का हो, एवढंच सांगा. बाकी सगळं तिच्यापुढे पाणी.

डॉलरचा_हिशेब

@मिरची_भाकर, मुद्द्याचं बोललात. टायटल थ्रीमधून मुलाच्या हातात पैसे देता येत नाहीत. मात्र ग्रँटच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवनिधीत टाकता येते, तेवढीच कॉलेजने स्वतः उभी केली तर. एसएसएसमधून पेलवाल्या मुलांना थोडी मदत देता येते. पण अल्टरनेटर आज गेलाय, ठेवनिधीचं व्याज कधी येणार?

घाटमाथा

अबोलीताई, मीही वॉशिंग्टनवालीच, सिएटलच्या बाजूची. तुम्ही सगळे डीसीकडे डोळे लावून बसलात, आपल्या राज्याच्या ताटात आधी काय वाढलंय ते बघा.

राज्याने २०१९ मध्ये विद्यार्थ्यांच्या अडीअडचणीसाठी स्टुडंट इमर्जन्सी असिस्टन्स ग्रँट सुरू केली. पैसे कॉलेजला मिळतात आणि कॉलेज मुलांना देतं. मिरची_भाकरांची गाडी इथे बसते. दुसरं, ऑपॉर्च्युनिटी ग्रँट: मागणी असलेल्या कामांचं शिक्षण घेणाऱ्या गरजू मुलांना ४५ क्रेडिटपर्यंत फी आणि वर्षाला १,००० डॉलरपर्यंत पुस्तकं-साहित्य. वेल्डिंगचं हेल्मेट, हातमोजे, पोलादी टोकाचे बूट यातच पोरं अर्धमेली होतात. तिसरं, ज्यांना फूड स्टॅम्प (सरकारी अन्नमदत) मिळतात त्यांच्या शिक्षण-नोकरीसाठी बीफेट. तुमच्या कॉलेजात वर्कफोर्स नावाचं एखादं छोटं ऑफिस असेल, बहुधा तळघरात किंवा पार्किंगच्या टोकाला. तिथल्या बाईंशी चहा घ्या.

आणि तुम्ही गणिताच्या, म्हणून आय-बेस्ट विसरू नका. २००४ मध्ये आपल्याच राज्यात सुरू झालं, मग देशभर गेलं. एकाच वर्गात दोन शिक्षक: एक वेल्डिंगचा, एक भाषा-गणिताचा. अपूर्णांक वेगळ्या तासाला नाही, पाइप कापताना. दोन शिक्षकांचा पगार परवडावा म्हणून राज्य एका विद्यार्थ्यामागे पावणेदोन विद्यार्थ्यांचा पैसा देतं. याला ग्रँट लागत नाही, दोन विभागप्रमुखांनी एकमेकांशी बोलायला लागतं. ते जास्त अवघड, हे मान्य.

जुना_खडू

मी निवृत्त आहे, मराठवाड्यातल्या एका शासकीय तंत्रनिकेतनात हयात गेली. अमेरिकेतलं मला कळत नाही, पण ग्रँट म्हणजे काय ते कळतं.

नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या प्रकल्पातून आम्हाला पैसा आला. चांगला पैसा होता, नाव ठेवणार नाही. पण मार्चअखेर खर्च दाखवायचा म्हणून यंत्रं आधी आली आणि ती चालवणारा माणूस नंतर यायचा होता. तो आलाच नाही. आमच्या लॅबमध्ये सहा ऑसिलोस्कोप प्लास्टिकच्या खोळीत तसेच होते. साठा पडताळणीच्या दिवशी शिपाई खोळ काढायचा, नंबर वाचायचा, पुन्हा खोळ घालायचा. मी निवृत्त झालो तेव्हाही खोळी बदलल्या नव्हत्या.

त्याच काळात आमच्या एका रेक्टरांनी वसतिगृहातल्या पोरांना संध्याकाळी लायब्ररीत कामाला लावून मेसचं बिल भागवून दिलं, आपल्या कमवा-शिकाच्या धर्तीवर. कागदावर ते कुठल्याच योजनेत नव्हतं. त्यातली बहुतेक पोरं पास झाली.

तेव्हा ताई, तुमच्या अर्जात माणसाचा पगार किती आणि वस्तूंचा खर्च किती, एवढं मला कळवा. बाकी मी विचारत नाही.

चिंचोका

काका, खोळ एकदम पटली. आमच्याकडे तिचं नाव डॅशबोर्ड.

रविवार_पेठ_ते_रेडमंड

थोडा विरोधी सूर. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे पक्षपाती समजा. धोक्याची सूचना देणारी प्रणाली वाईट नसते. शिक्षकाला सहाव्या आठवड्यात कळलं ते दुसऱ्या आठवड्यात कळलं असतं तर?

घाटमाथा

कळलं असतं, मग? फोन कोण करणार? आमच्याकडे आहे ती प्रणाली. लाल ठिपके येतात, रोज. अ‍ॅडव्हायझर दोन, ठिपके चारशे. ठिपक्याला गाडी दुरुस्त करता येत नाही हो.

रविवार_पेठ_ते_रेडमंड

बरं, माणूस आधी, ठिपका नंतर. तह मंजूर.

डॉलरचा_हिशेब

काकांच्या प्रश्नाला धरून अबोलीला एक गोष्ट सांगतो. अर्ज तपासणारे गुणांच्या तक्त्यावर वाचतात. 'आमच्याकडे गळती खूप आहे' याला गुण नाहीत. गळती कोणत्या आठवड्यात होते, कोणत्या विषयानंतर, दिवसाच्या मुलांची की रात्रीच्या, हे लिहिलंत तर पुढचं सगळं आपोआप जुळतं. आणि सहाव्या वर्षी त्या अ‍ॅडव्हायझरचा पगार कोण देणार, हे कुलगुरू पातळीवरच्या माणसाच्या सहीने लिहून घ्या. तुमच्याकडे प्रेसिडेंट म्हणतात ना, त्यांच्या. आत्ता, ते खुशीत असताना.

अबोली_फुलं

सगळ्यांना खूप धन्यवाद. दोन दिवस गायब होते, कारण खरंच कामाला लागले.

पार्किंगच्या टोकाचं ऑफिस सापडलं. घाटमाथाताई, बाई अगदी तुम्ही म्हणालात तशा, फक्त चहाऐवजी कॉफी. इमर्जन्सीचे पैसे आमच्याकडे आहेत! अर्जाचा फॉर्म चार पानी, वेबसाइटवर पाचव्या क्लिकला उघडतो, आणि गाडी दुरुस्ती त्यात चालते. मला आठ वर्षांत माहीत नव्हतं, तर त्या मुलाला कुठून असणार? फॉर्म एका पानावर आणायला त्या तयार आहेत. मी माझ्या कोर्सच्या पहिल्याच कागदावर त्याची ओळ घालतेय.

रजिस्ट्रारकडून यादीही मिळाली. मागच्या वर्षी माझ्या तीन वर्गांतून विंटरनंतर न परतलेले अकरा जण. त्यातले नऊ संध्याकाळचे कोर्स घेणारे. डॉलरभाऊ, हे मी इतकी वर्षं डोळ्यांनी बघत होते आणि एकदाही मोजलं नव्हतं.

जुना_खडू काका, पहिला कच्चा आराखडा असा: दोन अ‍ॅडव्हायझर, त्यातला एक दुपारी एक ते रात्री साडेनऊ. पेट्रोल कार्डं कॉलेजच्या फाउंडेशनकडून, म्हणजे देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेकडून मागायची. टॅबलेट शून्य. सोफ्यांवर अजून वाद चालू आहे, डीनना ते मनापासून हवे आहेत.

गुरुवारी कमिटी आहे. त्याआधी अकराही जणांना फोन करायचेत. तिघांचे नंबर बंद लागले. वेल्डिंगवाल्याचा वाजला, त्याच्या आईने उचलला. तो गोदामात रात्रपाळीला असतो म्हणाली, रविवारी करा.

एक विचारायचं राहिलं: एटीईसाठी वेल्डिंगच्या सरांना पुढे करू की मी स्वतः नाव घालू? कंत्राटी माणसाला मुख्य अर्जदार होता येतं का?

डॉलरचा_हिशेब

सरांना पुढे करा, तुम्ही सहअर्जदार. आणि तुमचे तास बजेटमध्ये लिहा. फुकट राबू नका.