खड्ड्यात दिवे लुकलुकतात, सेल्फ कधी लागतो कधी नाही

प्रश्न: गाडी जुनी, बॅटरी नवी. कधीकधी सेल्फ मारला की नुसता 'टक्'. सुरुवात कुठून करू?

उत्तर: अर्थपासून, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीच्या धातूला जोडणाऱ्या पट्टीपासून. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलाय.

उत्तर २: ही पट्टी ओमवर (रेझिस्टन्सवर) मोजू नका. तिच्या आतल्या दहा तारांपैकी एक शाबूत असली तरी मीटर शून्याजवळच दाखवतो. सेल्फचा लोड (जास्त करंट) आला की पितळ उघडं पडतं.

प्रश्नकर्ता: ०.९ आलं.

उत्तर: पट्टी बदला, बसायची जागा चकचकीत घासा. तरी लुकलुकलं तर इंजिन चालू ठेवून इग्निशन स्विचमागचा कनेक्टर हलवून बघा. आणि फ्यूज उडाला तरी ठरलेल्यापेक्षा जास्त अँपिअरचा कधीच नको, वायरिंग जळेल.