भाचीला जपानी ॲनिमेला आवाज द्यायचाय, तिला काय सांगू?

सिडकोचा_मामा
नमस्कार मंडळी. मी नाशकात सिडकोला, बहीण गंगापूर रोडला. तिची पोरगी बारावी सायन्सला आहे आणि गेल्या महिन्यात जेवताना तिने जाहीर करून टाकलं की मला सेइयू व्हायचंय, म्हणजे जपानमधे ॲनिमेला (त्यांच्या कार्टूनला) आवाज देतात ते. घरात दोन दिवस कोणी धड बोललं नाही. आता ताईने ते माझ्यावर ढकललंय, तूच समजाव म्हणे, तुझं ऐकते ती. मला तर डोरेमॉन आणि शिनचॅन सोडून काही माहीत नाही, तेही हिंदीतलं. पोरगी कुठल्या तरी मेगुमी हायाशिबारा बाईचं नाव घेत असते सारखं. अजून एक, भाचीचा आवाज लहानपणापासून घोगरा आहे, फोन उचलला की समोरचा म्हणतो "दादा, पप्पांना दे", वर्गात पण चिडवतात, त्यामुळे आवाजाचंच काम करायचं हे तिच्या डोक्यात कुठून आलं देव जाणे. खरंच करिअर असतं का हे? पैसे मिळतात का?

रामकुंड_ओटाकू
मामा, पोरीने नाव बरोबर निवडलंय. हायाशिबारा म्हणजे १९६७ चा जन्म, टोकियोची, आणि ताईंना सांगायची गोष्ट ही की बाईने नर्सिंगचं शिक्षण आणि आवाजाचं ट्रेनिंग एकाच वेळी केलं, नर्सची पात्रता घेतली आणि मग या लाईनला आली. सुरुवात १९८६ मधे 'मेझोन इक्कोकू'त बारीकसारीक रोलने. १९८९ ला 'रान्मा' आलं, त्यात हिरोवर गार पाणी पडलं की त्याची मुलगी होते, तर मुलगा असताना आवाज काप्पेई यामागुची आणि मुलगी झाली की हायाशिबारा. २०२४ ला ते नव्याने काढलं तेव्हा परत हीच दोघं, ३५ वर्षांनी! आपल्याकडे एखाद्या नाटकाचा मूळ संच ३५ वर्षांनी उभा केला तर नायिकेला गुडघ्याचा पट्टा लागेल, इथे माईकला वय दिसत नाही.
१९९५ ला 'इव्हान्गेलियन'मधली रेई. एकदम सपाट, थंड बोलणारी पोरगी. दिग्दर्शकाने तिला समजावलं होतं की रेईला भावना नाहीत असं नाही, तिला त्या माहीतच नाहीत. आता हे आवाजात कसं आणायचं सांगा बरं. त्याच वर्षी 'स्लेयर्स'ची लीना, ती अखंड बडबडी आणि तापट, दोन्ही एकाच गळ्यातून. पोकेमॉनमधली टीम रॉकेटची जेसी (जपानीत मुसाशी) पण हीच, १९९७ पासून. १९९९ पासून डिटेक्टिव्ह कोनानची हाइबारा आहेच. शिवाय गाणी, शिवाय १९९२ पासून स्वतःचा रेडिओ शो. म्हणजे करिअर असतं, पण हे वरच्या टोकाचं उदाहरण आहे, हेही पोरीला सांगा.

पंचवटीचा_पासवाला
पैशाचं मी सांगतो कारण सगळे तिथे येऊन गप्प होतात. जपानात यांची श्रेणी ठरलेली असते, सगळ्यात खालच्या श्रेणीला अर्ध्या तासाच्या एका भागाचे १५,००० येन, म्हणजे आपले आठ-नऊ हजार धरा. मग त्यात तुमचं एक वाक्य असो नाहीतर शंभर, तेवढेच, आणि त्यातून एजन्सीचा वाटा जातो. श्रेणी चढत गेली की ४५,००० पर्यंत. आठवड्याला एकच भाग मिळाला तर टोकियोत भाडं भरून काय उरणार, म्हणून नवीन पोरं दुकानात नाहीतर हॉटेलात पार्टटाईम करतातच. मामा, उगाच घाबरवत नाही पण आकडा माहीत असलेला बरा.

कालिदासची_तिसरी_रांग
मी हौशी नाटकवाला, राज्य नाट्यच्या तालमींत अर्धं आयुष्य गेलं. ॲनिमे पोरामुळे बघायला लागलो. यांच्या रेकॉर्डिंगचे व्हिडिओ बघून चाट पडलो भो. एका खोलीत तीन-चार माईक, सात-आठ जण हातात संहिता घेऊन, ज्याचं वाक्य येईल तो पुढे, झालं की मागे, कोणी कोणाला धडकत नाही आणि पान उलटलेलं ऐकू येत नाही. वर पडद्यावर कित्येकदा चित्र पण पूर्ण नसतं, नुसत्या रेघा, त्यात ओठ कधी हलणार एवढंच कळतं. आमच्याकडे प्रॉम्प्टर विंगेत खोकला तरी लोकांची वाक्यं जातात.
आणि मामा, घोगऱ्या आवाजाचं तुम्ही तक्रारीसारखं लिहिलंय म्हणून सांगतो. जपानी डोरेमॉनचा आवाज १९७९ ते २००५ नोबुयो ओयामा बाईंचा होता. शाळेत असताना त्यांच्या जाड आवाजाला पोरं हसायची, बोलणंच कमी केलं होतं त्यांनी. आईने उलट सांगितलं की लपवू नको, वापर, मग शाळेच्या ब्रॉडकास्टिंग क्लबात गेल्या, पुढे हाइयुझा या नाट्यसंस्थेच्या शाळेत रीतसर अभिनय शिकल्या. २०२४ ला गेल्या, ९० वर्षांच्या होऊन. तो निळा बोका त्या "दादा" आवाजाने २६ वर्षं बोलला!

रामकुंड_ओटाकू
+१. आणि मुलांचे आवाज तिकडे बायकाच करतात जास्त करून. मुलाचा आवाज चौदाव्या-पंधराव्या वर्षी फुटतो, सिरीयल चालू वीस वर्षं, मग काय करणार. 'ड्रॅगन बॉल'च्या हिरोचा, गोकूचा आवाज मासाको नोझावा, १९३६ चा जन्म, १९८६ पासून गोकू, त्याची पोरं गोहान आणि गोतेन पण त्याच, म्हणजे बाप-लेक भांडतात तेव्हा आजी एकटीच भांडते. २०२४ च्या 'ड्रॅगन बॉल डायमा'त पण गोकू त्याच.

पंचवटीचा_पासवाला
एक मधला रस्ता सुचवतो. क्रंचीरोल (ॲनिमे दाखवणारं ॲप) आता ॲनिमे हिंदीत डब करतं आणि डबिंगचं काम मुंबईत भरपूर चालतं. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडायची, संध्याकाळी परत, आम्ही काय वेगळं करतो. जपानला जाऊन काम करायचं तर तिथल्या माणसासारखी जपानी यायला हवी, हेल एका अक्षराचा चुकला तरी अर्थ बदलतो, त्याला वर्षं जातात. तोपर्यंत हिंदीत हात, म्हणजे गळा, साफ करून घ्यावा.

सिडकोचा_मामा
सगळ्यांचे आभार. काल सगळं ताईला वाचून दाखवलं. नर्सिंगच्या ठिकाणी ती थांबली, परत वाच म्हणाली. १५,००० येनला तोंड वाकडं केलं. भाचीला रेईचं आणि नोझावा आजींचं सगळं आधीच पाठ होतं, फक्त ओयामा बाईंच्या शाळेचं माहीत नव्हतं, ते ऐकून उठून आत गेली. जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी एन५ द्यायची एवढ्यावर तूर्त तह झालाय, ती पण बारावीचा अभ्यास सांभाळून. सेंटर पुण्याला घेतलंय. परीक्षा रविवारी असते ना, मग पहाटेच्या गाडीने वेळेत पोचतो का की आदल्या दिवशीच जावं? कोणी देऊन आलंय का?

कालिदासची_तिसरी_रांग
आदल्या दिवशीच जा. पुणे रोडवर सिन्नरच्या पुढे कधी कुठे अडकाल सांगता येत नाही, आणि पेपरला उशीर झाला तर आत घेत नाहीत.