रिकाम्या काचेच्या बाटल्यांपासून स्वयंपाकघरातल्या वस्तू करायच्यात, सरळ कापायच्या कशा? (बेळगाव)

येळ्ळूरची_सून
नमस्कार मंडळी, यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेरनं प्लास्टिकच्या डब्या आणून वाण वाटण्यापेक्षा रिकाम्या बाटल्यांचंच काहीतरी करूया असं आमच्या बचत गटात ठरलंय. तेलाच्या बाटल्या, मसाल्याच्या बरण्या, चमचे ठेवायला स्टँड, जमलं तर ग्लास आणि ट्रे पण, आणि बायकांना आवडलं तर पुढं ऑर्डरी घ्यायच्या. बाटल्या ढीगभर जमल्यात, सॉस, सरबत, मध, कॉफी, शिवाय गोव्याला जाऊन येणाऱ्यांनी दिलेल्या वाईनच्या. व्हिडिओत सुतळी थिनरमध्ये भिजवून पेटवतात आणि पाण्यात बुडवली की टक्कन दोन तुकडे, आमच्या इथं मात्र चीर कुठंच्या कुठं पळतेय. सरळ कशी कापायची? त्या ग्लासात चहा चालेल काय? आणि खानापूरच्या कुंभारांच्या भट्टीत बाटली चपटी करून ट्रे होतो काय? सासूबाईंचं वेगळंच, दारूच्या बाटल्या हळदीकुंकवाला वाटायच्या न्हाईत म्हणायलेत 😄

उद्यमबाग_टर्नर
वहिनी, सुतळी सोडा आधी. एकतर साडी, थिनर आणि जाळ एका जागी नको, आणि दुसरं म्हणजे सुतळीनं चांगला बोटभर पट्टा तापतो, मग चीर त्या पट्ट्यात वाटेल तशी फिरते की. काचेला आधी रेघ लागते. फोटोफ्रेमवाले काच कापतात तो चाकाचा कटर घ्या, लाकडाच्या ठोकळ्यावर घट्ट बसवा, बाटली आडवी टेकवून कटर जागच्या जागी ठेवायचा आणि बाटली फिरवायची. चाकाला थेंबभर तेल. एकच फेरा, हलका दाब, बारीक चर्र असा आवाज सलग आला पाहिजे, रेघ जिथनं सुरू झाली तिथंच येऊन मिळाली पाहिजे. रेघ नीट दिसत न्हाई म्हणून त्यावरनं परत कटर फिरवायचा न्हाई, तिथंच कड खराब होते. मग रेघेवर गरम पाण्याची बारीक धार, उकळतं नको, मग नळाचं गार, परत गरम, परत गार, असं करत करत बाटली हातात आपोआप सुटते. ओढायची न्हाई, ठोकायची न्हाई. चौकोनी बाटल्या आणि अंगावर उठावाची अक्षरं असलेल्या बाटल्या बाजूला ठेवा, काचेची जाडी सगळीकडं सारखी नसते त्यामुळं चीर भरकटते.

पण कापणं हे काम म्हणजे काहीच न्हाई, खरं काम घासण्याचं हाय. व्हिडिओवाले तेवढंच दाखवत न्हाईत. जाड सपाट काचेवर कार्बोरंडम पावडर (घासायची कडक पूड) आणि पाणी घ्या, बाटलीची कड त्यावर गोल गोल फिरवा, आधी जाड ८० नंबर, मग बारीक २२०, मग त्याहून बारीक ४००. आतली आणि बाहेरची धार वॉटर पेपरनं मोडायची, तो पण ओलाच. ग्लास करणार असाल तर ६०० पर्यंत जावाच लागतंय. झालं की कडेवरनं कापूस फिरवा, एक तंतू जरी अडकला तरी अजून घासायचंय. कोरडं घासू नका, काचेची धूळ छातीत जाते, चष्मा आणि मास्क लावाच. आणि ते घासलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, बादलीत गाळ खाली बसू द्या, गाळ आणि तुकडे कागदात गुंडाळून वर 'काच' लिहून कचरागाडीवाल्याच्या हातात द्या, बिचाऱ्यांचे हात कापतात.

शहापूरचा_पोरगा
सुतळीनं पण होतंय ओ, मी केलंय. रेघ मारून मग सुतळी लावायची.

उद्यमबाग_टर्नर
रेघ मारल्यावर गरम पाण्यानं पण होतंय, मग जाळ कशाला?

खानापूरकर
भट्टीचं मी सांगतो. मातीची भांडी भाजायची भट्टी आणि काचेची भट्टी ह्यात फरक हाय. बाटली पूर्ण चपटी व्हायला साधारण ७८० ते ८०० डिग्री लागते, एवढी उष्णता लाकडाच्या भट्टीत पण मिळते, अडचण थंड करताना येते. ५५० च्या आसपास काच थांबवून ठेवायची आणि तिथनं खाली अगदी सावकाश आणायची, न्हाईतर आत ताण राहतो आणि ट्रे कपाटात नुसता ठेवलेला असताना एक दिवस आपोआप तडकतो. लाकडावर एवढा कंट्रोल कुणाला जमतोय? कंट्रोलरवाली इलेक्ट्रिक भट्टीच पाहिजे. खानापूरला खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था हाय, तिथं चौकशी करून बघा, पण काच घेतील की न्हाई ते तिथंच विचारा. कुठंही केलं तरी भट्टीतल्या फरशीला भट्टीचा लेप लागतो, न्हाईतर काच चिकटून बसते. आणि दोन वेगळ्या बाटल्यांचे तुकडे एकत्र वितळवू नका, दोन्ही काचा थंड होताना सारख्या आकसल्या न्हाईत की जोडावर फुटतात. संक्रांतीपुरतं म्हणाल तर ट्रे सोडून द्या.

टिळकवाडीची_मावशी
मला विचारशील तर पोरी, निम्म्या बाटल्या कापूच नको. सगळ्यात जास्त खपणारी वस्तू म्हणजे तेलाची बाटली, आणि त्याला काय लागतं, स्वच्छ बाटली आणि वर ओतायची चोच. हिरवी किंवा तपकिरी काच घे, उजेड कमी लागतो म्हणून शेंगतेल लवकर खवट होत न्हाई. लेबल निघत नसेल तर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, वर राहिलेल्या डिंकाला खोबरेल आणि खायचा सोडा कालवून चोळ. मग बाटली पालथी घालून पुरती सुकव, आत पाण्याचा थेंब राहिला तर तेल गढूळ होतंय. कॉफीच्या बरण्यांना तर झाकण असतंच, मसाला, मेतकूट, तीळगूळ काहीही भरून दे. कापलेल्या बाटलीचा वरचा भाग फेकू नको, कड घासून त्याचं नरसाळं होतं.

बिअरच्या बाटल्यांना हात लावू नको, त्या भंगारवाल्याकडनं धुऊन परत भरायला जातात, कापण्यापेक्षा तेच बरं. रंगीत छापील नक्षी असलेली बाटली ग्लासाला घेऊ नको, काही रंगांत शिसं असतं आणि ओठ तिथंच लागतात.

चहाचं म्हणशील तर नकोच. बाटलीची काच साधी असते, एकदम चाळीस-पन्नास डिग्रीचा फरक पडला तरी तडकू शकते, आणि चहा तर उकळताच ओततो आपण. त्या प्रयोगशाळेच्या काचेपेक्षा ही गरमीनं जवळपास तिप्पट फुगते म्हणून. सोलकढी, कोकम, ताक, असल्या गार गोष्टींना दे आणि चिठ्ठीवर तसं लिही.

येळ्ळूरची_सून
मावशी, चिठ्ठीचं लक्षातच आलं नव्हतं, 'गरम ओतू नये' असं मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहितो, आमच्या गटात दोन्ही बोलणाऱ्या हायत. ट्रे रद्द. वाईनच्या बाटल्या वाणाला न्हाई घेत, त्यांचे चमच्याचे स्टँड करून स्टॉलला ठेवूया, सासूबाई स्टॉलवर येणार न्हाईत 😄 टर्नर दादा, कार्बोरंडम पावडर सुटी कुठं मिळेल? आणि स्टँड भिंतीला टांगायचा तर काचेला भोक पडतंय काय?

उद्यमबाग_टर्नर
उद्यमबागच्या टूल्सच्या दुकानात मागा, सुटी नसली तर पाव किलोचं पुडकं तरी मिळेल. भोकाला डायमंड कोटिंगचं पोकळ बिट घ्या, ड्रिल अगदी सावकाश, आणि पाणी सतत. ड्रिलच्या वायरवर पाणी जाऊ देऊ नका. पलीकडं निघायच्या वेळी दाब कमी करा, तिथंच कपची उडते. टर्नरच्या पोराला सांगितलं तर ड्रिल मशीनवर पाडून देईल, पण एकदोन जादा बाटल्या घेऊन जावा.