मदत हवी आहे: जुन्या दुकानातून आणलेल्या बाहुल्या, हिरवे कान, चिकट पाय, आंबूस वास

जुनी_पेटी:
जुन्या वस्तूंच्या दुकानातून तीन बाहुल्या एकत्र घेतल्या आहेत. कशालाही हात लावण्याआधी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पहिली बार्बी. पाठीच्या खाली १९६६ कोरलेलं आहे. कानातल्याभोवती मसुराएवढा हिरवा डाग आहे आणि पाय बोटांना चिकटतात. दुसरी कडक प्लॅस्टिकची, डोळे मिटणारी. कपडे काढले की व्हिनेगरसारखा वास येतो, एक डोळा अर्धवट मिटून अडकला आहे. तिसरीचं अंग कापडी असून तोंड आणि हात रंगवलेले आहेत. गालावर सुकलेल्या चिखलासारख्या बारीक भेगा आहेत, पण माल कोणता ते कळत नाही. तिघींना साबणाच्या पाण्याने धुतलं तर चालेल का?

सुईदोरा:
तिघींना एकच उपाय चालणार नाही. आणि आधी दुसरीला आजच्या आज बाकीच्यांपासून दूर ठेवा.

व्हिनेगरचा वास म्हणजे सेल्युलोज अॅसिटेट, तिचं जुनं कडक प्लॅस्टिक, विघटित होतंय. त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची झीज आणखी वेगाने घडवतं. डोळ्यांची तार, हुक, शेजारच्या बाहुलीची प्रेसबटणं, सगळ्यांना त्याने गंज चढतो. बंद पिशवीत किंवा हवाबंद डब्यात अजिबात नको; वाफ आत कोंडते. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत आम्लरहित कागद, कोपऱ्यात सक्रिय कोळशाची पुडी आणि थंड, कोरडी जागा. कपडे काढून वेगळे धुवा. ही झीज मंदावते, थांबत नाही, हे मनाशी धरूनच पुढची काळजी घ्या.

अडकलेला डोळा बोटाने ढकलू नका; आतली तार गंजलेली असेल तर तुटते. तेलाचा थेंब टाकायचा सल्लाही पुष्कळदा मिळतो. डोळा काही दिवस चकाकतो, मग त्याच तेलावर धूळ बसते. हात-पाय जोडणारं इलॅस्टिक मात्र ताणून बघा. त्याचा ताण गेला असेल तर बाहुली उचलताना डोक्याखाली हात धरा.

ठिगळ:
बार्बीबद्दल. १९६६ हे तिच्या जन्माचं वर्ष धरू नका. ते स्वामित्वहक्काचं वर्ष आहे आणि तोच शिक्का पुढे कित्येक वर्षं निघालेल्या बाहुल्यांवर आहे. त्याच शिक्क्यात देशाचं नाव वाचा. जपान असेल तर जुन्या काळातली, चीन किंवा मलेशिया असेल तर बरीच नंतरची. याच एका आकड्यामुळे दुकानात हिची भलतीच किंमत सांगतात.

हिरवा डाग तांब्याचा. कानातल्याच्या काडीतलं तांबं व्हिनाइलमधल्या, म्हणजे डोक्याच्या मऊ प्लॅस्टिकमधल्या, द्रव्यांशी अभिक्रिया करून रंग आत उतरवतं. वरून पुसून तो जात नाही. आधी कानातलं काढा: डोक्याला बाहेरून कोमट हवा देऊन व्हिनाइल मऊ करा, काडी फिरवत सरळ बाहेर ओढा. वाकडी ओढली तर टोक आत तुटून राहतं, आणि डाग पुन्हा उगवतो. मग मुरुमांवरची १० टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडची क्रीम फक्त डागावर, टोकदार काडीने लावा. वर प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचा तुकडा, नाहीतर क्रीम वाळून निकामी होते. उजेडात ठेवा, दररोज पुसून बघा, नवी लावा. मसुराएवढ्या डागाला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. ही क्रीम रंग उडवते, म्हणून ओठ, भुवया आणि केस यांना तिचा स्पर्श नको. डाग फिका झाला की थांबा. आणखी ताणलं तर कानाभोवती पांढरं वर्तुळ उरतं.

पायांचा चिकटपणा म्हणजे व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य पृष्ठभागावर येणं. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवा, वाळवा, हवं तर कॉर्नफ्लॉर (मक्याचं स्टार्च) चोळून झटका. काही महिन्यांनी पुन्हा होईल. गुडघ्यात वाकणारे पाय पाण्यात बुडवू नका, आत पाणी शिरलं तर निघत नाही.

सुईदोरा:
तिसरीसाठी टिचकी मारून ऐका आणि कपचा उडालेली जागा शोधा. आवाज खणखणीत, स्पर्श थंड, तर बिस्क, म्हणजे ग्लेझ न दिलेलं पोर्सेलिन. बद्द आवाज आणि आत तपकिरी भुसा दिसला तर कॉम्पोझिशन: लाकडाचा भुसा आणि सरस. तुमच्या वर्णनावरून कॉम्पोझिशनच वाटतंय. दमटपणाने आतला भुसा फुगतो-आकसतो, वरचा रंग तसा हलत नाही, म्हणून भेगा. हिला ओलं फडकंही नको, भेगांतून पाणी आत गेलं की रंगाचे पापुद्रे निघतात. मऊ कोरडा ब्रश, बस्स.

जुनी_पेटी:
टिचकीला बद्द आवाज, मानेच्या कडेला भुसा दिसतोय. कॉम्पोझिशनच. केसांच्या टोपाखाली बारीक, तांदळासारखे कण आहेत, ते काय?

ठिगळ:
टोप बहुधा मोहेरचा, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचा असावा. ते कण लोकर खाणाऱ्या कसरीच्या अळ्यांचे अंश असू शकतात. टोप सुटा होत असेल तरच काढून दोन पिशव्यांत हवाबंद करा, उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. डोकं फ्रीझरमध्ये अजिबात घालू नका, भेगा वाढतील. चिकटवलेला टोप ओढू नका, त्यावर फक्त ब्रश.