नोव्हेंबरचा जन्म, नर्सरीची घाई आणि शाळेचा मदतनिधी

मुलगा नोव्हेंबरमध्ये तीन वर्षांचा होणार, तर त्याला याच जूनमध्ये नर्सरीत घालावे का, या प्रश्नावर माझे स्पष्ट मत आहे की एक वर्ष थांबावे. राज्याच्या नियमानुसार ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण होत असल्याने प्रवेश मिळेल, हे खरे. पण शाळा सुरू होताना तो जेमतेम अडीच वर्षांचा असेल आणि पहिलीतही साडेपाचाव्या वर्षीच पोहोचेल. केंद्रीय विद्यालयात मात्र पहिलीसाठी ३१ मार्चला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे बदलीची नोकरी असणाऱ्यांनी हा हिशेब आताच मांडावा. आमच्या नागपुरात विदर्भातल्या उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात, तरी व्हॅनमधून घामाघूम होऊन उतरणारी, चड्डीची बटणे स्वतःला न लावता येणारी लेकरे पाहिली की जीव तुटतो. हे वर्ष वाया जात नाही. अंगणवाडी, आजीच्या गोष्टी, मातीतला खेळ यांतूनच भाषा आणि बोटांची पकड तयार होते.

दुसरा मुद्दा गरजू मुलांसाठी शाळेने निधी उभारण्याचा. आनंदमेळाव्यात मुलांनी भेळ विकून वर्गमित्रांच्या गणवेशाला हातभार लावावा, हे मला मनापासून पटते. मात्र शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही. म्हणून निधी ऐच्छिक असावा, जमाखर्च पालकसभेत मांडावा आणि लाभार्थी मुलांची नावे कधीही फलकावर लावू नयेत.