मदत हवी आहे: गुडघ्यांचे ऑपरेशन झालेल्या आईला म्हादईचे खोरे वरून दाखवायचे आहे

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याची. गेली बरीच वर्षे इथले धागे वाचते, स्वतः धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडे सविस्तर लिहिते, कारण नुसते "गोव्यात पावसाळ्यात कुठे जावे" असे विचारले तर जी उत्तरे येतात त्यातली निम्मी आम्हाला उपयोगाची नाहीत.

आई ७२ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले. सपाट जागेवर काठी घेऊन छान चालते, पण पायऱ्या उतरताना हात धरावा लागतो आणि ओल्या दगडावर मी तिला पाऊल टाकू देत नाही. तिचे माहेर सत्तरी तालुक्यात, म्हादईच्या काठचा गाव. आजोबा पाऊस ओसरला की नदीकाठच्या गाळात पुरण शेती करायचे आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी आई त्यांच्याबरोबर रानात माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांचे, सामान आणायला जायची. माट्टी, कवंडळ, घागऱ्या, कांगला, सगळ्याची जागा तिला पाठ. लग्न होऊन ती फोंड्याच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) आली. मामा वारले, घर बंद पडले आणि तिकडे जाणे सुटले.

ऑपरेशननंतर घरात बसून असताना ती एकदा म्हणाली, "म्हाका म्हादय एकदां वयल्यान पळोवपाची आसा." म्हणजे आयुष्यभर तिने ती नदी काठावरून पाहिली, पुरात पाहिली, होडीतून पाहिली, पण ते डोंगर आणि मधले खोरे वरून कधीच पाहिले नाही. माझे आजोबा म्हणे तिला सांगायचे की घाट चढून गेलीस की आपले सगळे रान एका नजरेत मावते. तेव्हापासून हे माझ्या मनात आहे.

गेल्या वर्षी प्रयत्न केला होता. मला रजा मिळाली नाही म्हणून पुण्याहून आलेला भाऊ भाड्याची गाडी करून तिला घेऊन गेला. चालक बाहेरचा होता. मोबाइलच्या नकाशावर चोर्ला घाटाजवळचा म्हणून "सुर्ला" टाकले आणि दाखवेल तसे गेले. आईचा गाडीत डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्यात, खाणींच्या लाल चिखलात उभी. दुसऱ्या दिवशी नेत्रावळीला गेले. तिथल्या एका धबधब्याकडे जाताना कोणीतरी सांगितले, "पाच मिनिटांची वाट आहे." ती पाच मिनिटांची वाट म्हणजे खाली उतरत जाणाऱ्या निसरड्या पायऱ्या निघाल्या. बाकीचे खाली गेले, आई दीड तास गाडीत बसून राहिली. घरी आल्यावर काहीच बोलली नाही, आणि मला तेच जास्त लागले.

यंदा मी स्वतः गाडी चालवणार आहे. चवथीला भाऊ, वहिनी आणि दोघी भाच्या येतील. एक ९ वर्षांची, दुसरी १२ वर्षांची. चवथीनंतर एक पूर्ण दिवस मोकळा ठेवला आहे.

चोर्ला घाटाच्या बाजूला अशी जागा आहे का, जिथे गाडीतून उतरून फार न चालता खोरे दिसेल? धुके कधी निवळते? आणि त्याच दिवसात मुलींनाही जंगल जवळून पाहायला मिळेल असे काही जोडता येईल का? समुद्रकिनारा नको. भावाचे कुटुंब दरवर्षी मिरामार आणि कळंगुट करून परत जाते. आत्याच्या गोव्यात इतके रान आहे हे त्या मुलींना माहीतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वाळपईकर:
ताई, तुमच्या आजोबांनी सांगितलेली जागा मला वाटते सत्तरीतला सुर्लाच असणार. आधी नावाचा घोळ मिटवू, कारण दरवर्षी निदान चार गाड्या चुकलेल्या मी पाहतो. सुर्ला नावाच्या तीन जागा आहेत. एक तुम्ही पाहिलीत, डिचोलीतली. दुसरी तांबडी सुर्ला, धारबांदोडा तालुक्यात, महादेवाचे कदंबकालीन देऊळ आहे ती. तिसरा सत्तरीतला सुर्ला, चोर्ला घाट चढून गेल्यावर लागणारा, अगदी माथ्यावरचा गाव. तुम्हाला तिसऱ्याला जायचे आहे. नकाशात "चोर्ला घाट" टाका. आणि वाटेत लागणारे केरीही सत्तरीतले. पेडण्याचे केरी समुद्रावर आहे आणि तुमच्या फोंड्यातही एक केरी आहेच.

फोंड्याहून उसगाव, होंडा, साखळी, मग केरी. तिथून अंजुणे धरण उजव्या-डाव्या वळणांतून दिसत राहते आणि घाट सुरू होतो. घाटात पावसाळ्यात रस्त्याच्या कडेलाच पाणी कोसळत असते, ते आईंना काच खाली करूनच दिसेल. माथ्यावर सुर्ल्याकडे फाटा आहे. गावाच्या बाजूने दरी उघडते आणि समोरच्या कड्यावरून वज्रा धबधबा पडताना दिसतो. गाडी थांबते तिथून थोडे चालावे लागते, वाट गवताची आहे, पायऱ्या नाहीत. पाऊस पडून गेला असेल तर चिखल असतो.

एक मात्र खरे सांगायला हवे. तिथून म्हादईचे पात्र दिसत नाही. दिसते ते तिला जाऊन मिळणाऱ्या नाल्यांचे खोरे आणि म्हादई अभयारण्याचे रान. नदी त्या डोंगरांच्या घड्यांच्या पलीकडे आहे. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे जाऊन हिरमुसतील.

घाटवाट:
धुक्याबद्दल. जुलै-ऑगस्टमध्ये चोर्ल्याला दिवसभर पांढरा पडदा असू शकतो, तीन तास उभे राहूनही काही दिसत नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उत्तम. धबधब्यांना पाणी असते, धुके येते आणि जाते, सड्यावर (माथ्यावरच्या खडकाळ सपाटीवर) फुले असतात. त्यामुळे चवथीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाऊ नका, जमेल तितके पुढे ढकला. रविवार टाळा. रविवारी वळणावळणांवर गाड्या लावून लोक रस्त्यात नाचतात, बाटल्या फोडतात. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला त्या गर्दीत उतरवणे धोक्याचे आहे.

पांढरा_सदरा:
दूधसागर का नाही? जीप मिळते की कुळ्याहून.

घाटवाट:
पावसाळ्यात कुळ्याच्या जीप बंद असतात, साधारण ऑक्टोबरात सुरू होतात. शिवाय त्या वाटेवर जीप ओढ्यांतून जाते, धक्के खूप बसतात आणि शेवटी दगडांवरून चालावे लागते. नव्या गुडघ्यांना नको. ताईंच्या आईंना दूधसागर पाहायचाच असेल तर रेल्वेतून. कुळे ते कॅसलरॉक या घाटातून गाडी जाते तेव्हा ३१० मीटरची ती धार खिडकीतूनच समोर येते. बसल्या जागेवरून इतके मोठे दुसरे काही गोव्यात दिसत नाही. मात्र तिथे मध्येच उतरायला आणि रुळांवरून चालायला बंदी आहे, कोणी सांगितले तरी ऐकू नका.

फिजिओताई:
मी गुडघ्यांचेच रुग्ण पाहते म्हणून लिहिते. घडीची खुर्ची बरोबर न्या, जरा उंच बैठकीची. खाली दगडावर बसून उठायला लावू नका. काठीच्या टोकाचे रबर झिजले असेल तर नवीन घाला, दहा मिनिटांचे काम आहे आणि ओल्या जागेवर सगळा फरक तिथेच पडतो. दर तासाला गाडी थांबवून त्यांना पाच मिनिटे उभे करा. स्वच्छतागृहाची सोय साखळीतच उरकून घ्या, घाटात भरवसा नाही. आणि जळवा असतील. पायमोजे वर ओढून त्यावर तंबाखूचे पाणी किंवा मीठ लावतात, मुलींनाही तसेच करा.

आणखी एक. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण मिळालेले आहेत. तो रानातल्या गोचिडींमुळे होतो आणि त्याचा काळ कोरड्या महिन्यांचा, साधारण डिसेंबर ते मे. सप्टेंबरात त्याची भीती कमी. पण पुढे उन्हाळ्यात मुलींना घेऊन रानात पाचोळ्यात बसायला जाऊ नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. वाळपईकर दादा, तुमचे वाचून आधी मन खट्टू झाले. मग आईला सरळच सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग न्हंय वाटेर दाखय." नदी वाटेत दाखव. तर आता नदीसाठी थांबता येईल अशी जागा हवी आहे, जिथे काठावर उतरावे लागणार नाही. मुलींसाठी बोंडला अभयारण्य ठीक होईल का? आम्ही लहानपणी शाळेच्या सहलीला गेलो होतो, आता कसे आहे माहीत नाही.

वाळपईकर:
मग जाताना वाट थोडी बदला. उसगावहून गांज्याला जा. तिथे म्हादईवर पूल आहे. सप्टेंबरात पात्र भरलेले असते. पुलाच्या तोंडाशी गाडी बाजूला घ्या, कठड्याला धरून आईंना निवांत पाहता येईल. पुढे गुळेली, वाळपई करून केरीला निघा. म्हणजे आईंना त्यांच्या तालुक्यातूनच घाटापर्यंत जायला मिळेल.

बोंडला त्याच अंगाला आहे, पण घाट आणि बोंडला एका दिवसात आईंना झेपणार नाही. दुसऱ्या दिवशी करा, फक्त गुरुवार सोडून, गुरुवारी ते बंद असते. अभयारण्य जेमतेम ८ चौरस किलोमीटरचे आहे पण मुलांना तेच बरे. झाडी दाट आहे, नशीब असेल तर शेकरू दिसते. मान वर करून शांत उभे राहायला लावा, आधी फांदी हलताना दिसते, मग शेपूट. वेळ उरला तर तांबडी सुर्ल्याचे देऊळ. गाडी जवळ जाते, वाट सपाट आहे, मागे डोंगर, बाजूला नदी. गोव्यात सगळीकडे जांभा दगड आणि ते देऊळ मात्र काळ्या बेसाल्टचे, हे मुलींना हात लावून पाहू दे.

सांगेकर:
एक कळकळीची विनंती. मुलींना कुठल्याही धबधब्याच्या कुंडात उतरवू नका. खाली ऊन असते आणि वर डोंगरात पाऊस कोसळत असतो. पाणी गढूळ झाले, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या की समजायचे वरून लोंढा येतो आहे, आणि तेव्हा हातात मिनिटेच असतात. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीत माणसे बुडाल्यावर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून निघण्याआधी वनखात्याच्या नाक्यावर विचारा. आईंना बरोबर नेता आहात म्हणून तुम्ही जपालच, पण हा धागा इतरही वाचतील.

धागाकर्ती:
जाऊन आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांच्यासाठी सांगते.

भावाने रजा वाढवून घेतली आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मंगळवारी निघालो. सकाळी सात वाजता गांज्याच्या पुलावर होतो. पाणी चहाच्या रंगाचे आणि अगदी सावकाश वाटणारे, पण मधोमध एक ओंडका आला आणि बघता बघता पुलाखालून निघून गेला तेव्हा वेग कळला. आईने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. वीसेक मिनिटे ती जागची हलली नाही. मग धाकट्या भाचीला सांगू लागली की पूर ओसरला की काठावर गाळ कसा राहतो आणि त्यात पहिले काय पेरायचे.

गुळेलीच्या पुढे तिने अचानक गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला माट्टीचे झाड होते. भावाने फळांचा एक घोस काढून दिला. आईने एक फळ भाचीच्या तळहातावर ठेवले आणि त्याच्या पाच पाती बोटाने मोजून दाखवल्या. हिरवट, कडांना किंचित तांबूस, कागदासारखी पातळ. चवथीला माटोळीत हीच फळे डोक्यावर टांगलेली होती, पण मुलींनी ती झाडावर कधी पाहिली नव्हती. थोरली वहीत चित्र काढत होती, घाट सुरू झाला तरी तिचे डोके वर नाही.

सुर्ल्याला पोचलो तेव्हा समोर काहीच नव्हते, नुसते पांढरे. घाटवाट यांचे लक्षात होते म्हणून थांबलो. खुर्ची मांडली, आईला शाल दिली, डब्यातले पोळे आणि चटणी खाल्ली. पाऊण तासाने आधी पाण्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला, मग समोरचा कडा उघडा पडला आणि धार दिसली. त्याच्या खाली रान, एकामागे एक घड्या, पार दूरपर्यंत. दहा मिनिटे, फार तर बारा. आईने हात वर करून एका खिंडीकडे दाखवले आणि म्हणाली, "न्हंय थंय फाटल्यान." नदी तिथे मागे आहे. दिसत नव्हती, पण तिला ठाऊक होते. परत धुके आले तरी ती तिकडेच पाहत होती.

काठीला नवे रबर घातले होते, त्याचा फार उपयोग झाला. फिजिओताई, धन्यवाद. जळवा दोन लागल्या, दोन्ही भावाला. बोंडला शुक्रवारी केले आणि शेकरू खरेच दिसले.

आता पुढचे विचारते. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेला कुर्डी गाव मे महिन्यात पाणी उतरले की उघडा पडतो असे आईला भावाने सांगितले आहे आणि तिला तिथल्या सोमेश्वराच्या देवळापर्यंत जायचे आहे. सांगेकर दादा, गाडी कुठपर्यंत आत जाते आणि शेवटचे किती चालावे लागते? त्या दिवसांत ऊन कडक असणार, तर सकाळी किती वाजता पोचलेले बरे?