जॅकलिन केनेडींचा गुलाबी सूट : 'ड्रायक्लीन करून काचेत लावा' म्हणणाऱ्यांना उत्तर

सुताडा : काल इथे कुणीतरी लिहिलं, "22 नोव्हेंबर 1963 चा तो सूट 2103 पर्यंत डांबून कशाला ठेवायचा? ड्रायक्लीन करा, काचेच्या कपाटात लावा." वाचून राहवलं नाही. त्यावर डॅलसमधलं रक्त तसंच आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाल्यानंतर विमानात उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथविधी झाला, तेव्हाही केनेडींच्या पत्नी जॅकलिनबाईंनी तो बदलला नाही; काय केलंय ते लोकांना दिसू दे, असं त्यांचं म्हणणं होतं. तो धुवायचा म्हणजे पुरावा पुसायचा. शिवाय ड्रायक्लीनच्या द्रावकाने जुनं रक्त निघत नाही, आणि वाफेची इस्त्री फिरवली की डाग कायमचा बसतो.

उभाधागा : लोकांना दिसू दे म्हणाल्या ना? मग दाखवा की! मेरीलँडच्या अभिलेखागारात बिनखिडकीच्या खोलीत ठेवून कोणाला दिसणार? 50 लक्सचा मंद उजेड, तीन-चार महिने मांडणी, मग काही वर्षं अंधार, असं संग्रहालयं करतातच. आणि त्याला पॅरिसच्या शनेल या फॅशन कंपनीचा सूट म्हणणं आधी बंद करा. तो न्यूयॉर्कच्या 'शे निनॉन' या कपड्यांच्या दुकानात शिवलाय. नक्कल आहे ती.

काठपदर : नक्कल हा शब्द मागे घ्या. कापड, बटणं, काठ पॅरिसहून शनेलकडूनच आले आणि त्यांच्याच नमुन्यावर तो रीतसर शिवला गेला. 1960 च्या निवडणूक प्रचारात पॅरिसच्या कपड्यांवरून जॅकलिनबाईंवर टीका झाली होती. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने देशात शिवलेलं घालावं, म्हणून हा मार्ग.

उभाधागा : शिवण न्यूयॉर्कची, तर सूट न्यूयॉर्कचा. एवढं साधं आहे.

काठपदर : येवल्यात विणली तरी आपण पैठणीच म्हणतो ना? माग येवल्याचा, नाव पैठणचं. एका नावासाठी एवढं हटून बसू नका.

उभाधागा : पैठणीचं नाव गावावरून पडलंय, दुकानावरून नाही! शनेल हे दुकानाचं नाव आहे. बरं, 'शनेलच्या नमुन्याचा' म्हणा, तेवढं चालेल.

सुताडा : सूटकडे या. उजेडाचं नुकसान साचत जातं, नंतर अंधारात ठेवून ते भरून येत नाही. बाहेरून बूक्ले (वेटोळ्यांच्या खडबडीत धाग्याची) लोकर, आत रेशमी अस्तर. रेशीम आधी जातं. जरीची साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिली की तिथेच चिरते, तसंच हे. रक्त लागलेल्या लोकरीला ओल मिळाली की बुरशी धरते, कसरही आधी तिथेच लागते. म्हणून आम्लविरहित पेटी, 18 ते 20 अंश तापमान, 40 टक्के आर्द्रता.

उभाधागा : हे सगळं बरोबर. पण 2003 च्या दानपत्रात त्यांची मुलगी कॅरोलाइन केनेडी यांनी सूट शंभर वर्षं कुणाला न दाखवण्याची अट घातली ती लोकर टिकावी म्हणून नाही, कुटुंबाचा मान राहावा म्हणून. ते आधी कबूल करा.

सुताडा : कबूल. अट मानासाठीच आहे, कापडाचं कारण मी पुढे करायला नको होतं. पण आईच्या कपड्यावर वडिलांचं रक्त आहे आणि ते कुणी पाहू नये असं मुलीला वाटतं. तिच्यासमोर तुमचे 50 लक्स मी तरी मांडणार नाही.